संदुकीच्या तळाशी राहिलेला वऱ्हाडचा बाजार

जुन्या कॅलेंडरच्या तळाशी ‘बाळापूर, जि. अकोला (म. प्र.)’ असा पत्ता दिसला, तर ती छापखान्याची चूक समजून कॅलेंडर रद्दीत टाकू नये. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बाळापूर खरोखरच मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याआधी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ किंवा इंग्रजी वळणाने ‘सी. पी. अँड बेरार’ असे लिहिले जाई. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे गाव जागचे हलले नाही. पण दहा-साडेदहा वर्षांत तिथल्या किराणा दुकानदाराला आपल्या नावाखालची ओळ तीनदा बदलावी लागली.

राज्य पुनर्रचनेवर जाडजूड ग्रंथ आहेत. पण ती पुनर्रचना पेठेतल्या दुकानाच्या पाटीपर्यंत, पावतीपुस्तकापर्यंत आणि गिऱ्हाइकाला दिवाळीत दिलेल्या भेटीपर्यंत कशी पोचली, हे त्या ग्रंथांत सापडत नाही. ते सापडते संदुकीच्या तळाशी घातलेल्या कागदात, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, जुनी लुगडी बांधून ठेवलेल्या कापडी पिशवीवर. दुकानाचे नाव छापलेला आरसा, कुंकवाची डबी, पुठ्ठ्याचा हातपंखा, खिशातली डायरी, पैसे साठवण्याचा गल्ला या वस्तू कुणी इतिहास म्हणून ठेवल्या नव्हत्या. त्या उपयोगी होत्या म्हणून राहिल्या.

मोठ्या कंपन्यांची दप्तरे असतात, शताब्दीचे ग्रंथ निघतात. तालुक्याच्या गावातल्या कापडवाल्याचे, अडत्याचे, सोनाराचे तसे काही नसते. त्याच्या चोपड्या लक्ष्मीपूजनाला पुजल्या जातात आणि हिशेब जुने झाले की रद्दीत जातात. मुले दुसऱ्या धंद्यात किंवा दुसऱ्या शहरात गेली की पाटीही उतरते. मग ते दुकान होते याचा पुरावा गिऱ्हाइकाच्याच घरात उरतो.

बाळापूर हे बाजाराचे जुने गाव. मुघलांच्या काळात ते वऱ्हाड सुभ्यातले महत्त्वाचे ठाणे होते. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने इथला किल्ला बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने तो पुरा केला, असे सांगतात. नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाने ओळखली जाते. फौजा आणि व्यापारी यांचा बऱ्हाणपूरकडून वऱ्हाडात उतरण्याचा रस्ता इथून जाई. नंतर रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला, पण तो बाळापूरला टाळून पारसवरून गेला. पारस इथून सुमारे १० किलोमीटर. एवढ्या अंतराने पेठेचे दैव बदलले. कापसाचा मोठा व्यापार अकोला, खामगाव आणि अमरावतीकडे गेला. बाळापूरकडे राहिली पागोटी, सतरंज्या आणि आसपासच्या खेड्यांचा आठवडी बाजार.

त्यातली सतरंजी या विषयाला फार जवळची आहे. सतरंजीच्या काठात नाव विणून घेण्याची रीत महाराष्ट्रभर होती. शाळेला, देवळाला, भजनी मंडळाला सतरंजी द्यायची आणि देणाऱ्याचे किंवा पेढीचे नाव धाग्यातच उमटवायचे. छापलेली शाई धुण्यात जाते; ताण्याबाण्यात बसलेले अक्षर सतरंजी फाटेपर्यंत टिकते. कुणाच्या घरी लग्न निघाले की हीच सतरंजी अंगणात अंथरली जाई आणि जेवायला बसलेली पंगत ते नाव वाची. छापखाना गावात येण्याआधीही दुकानदाराला आपले नाव लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवता येत होते, ते असे.

रंगीत छापील जाहिरात मात्र वऱ्हाडात कापडावर बसून आली, आणि तिच्या मागे कापूसच होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिथला कापूस लँकशायरला मिळेनासा झाला आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. भाव असे चढले की पुढची कित्येक वर्षे त्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. युद्ध संपले, भाव पडले, लँकशायर पुन्हा अमेरिकेच्या लांब धाग्याकडे गेले. पण वऱ्हाडातला रेल्वेचा रस्ता, सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस तिथेच राहिले. १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा त्याच्या हस्ते सुरू झाला. बाळापूरहून खामगाव काही दूर नाही. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर आणि मुंबई येथे १८५१ मध्ये सुरू झालेली फोल्कार्ट ब्रदर्स ही कंपनी तिथे कापूस खरेदी करू लागली. रॅली ब्रदर्सचाही या व्यापारात मोठा हात होता.

रॅली ब्रदर्स दोन्ही दिशांनी व्यापार करीत. इथून कच्चा माल बाहेर जाई आणि विलायतेचे कापड इकडे येई. कापडाच्या घडीवर एक रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असे. व्यापारी तिला तिकीट म्हणत. मँचेस्टरकडच्या आणि जर्मनीतल्या छापखान्यांत ही तिकिटे दगडी छपाईने निघत. एकेका रंगासाठी वेगळा दगड, वरून सोनेरी शाई. त्यावर कृष्ण, लक्ष्मी, हत्ती, वाघ, राजेरजवाडे, पंखा घेतलेली स्त्री. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नसे आणि बहुतेकांना मराठीही नाही. मागच्या वेळचे चांगले निघालेले कापड त्याला चित्रावरून ओळखायचे असे. ‘वाघ छाप द्या’ एवढे म्हटले की काम होई. म्हणूनच व्यापाऱ्यांना चित्राची चोरी फार झोंबे. इंग्लंडात १८७५ मध्ये व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा कापडाच्या चिन्हांसाठी मँचेस्टरला वेगळी सोय करावी लागली. हिंदुस्थानात १८८९ मध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा आला आणि कापडाच्या ताग्यावर त्याची लांबी छापणे बंधनकारक झाले.

कापड फाडून दिले की तिकीट सुटे होई. ते पोरांच्या हाती जाई, नाहीतर बाई ते जपून घरी नेई. फडताळाच्या दाराला आतून, आरशाच्या चौकटीत, पोथीच्या पानांत ते राही. ज्या घरात दुसरे एकही रंगीत चित्र नव्हते, तिथे हे पहिले. चित्र विलायती छापखान्यातले, विषय इथला, आणि त्याखालचे कापड कदाचित आपल्याच काळ्या रानातल्या कापसाचे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा जगाच्या बाजाराशी जो संबंध जुळला, त्याचा बोटांनी धरता येईल असा याहून चांगला पुरावा नाही.

देशी छापखाने मागे नव्हते. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या स्थापनेत होते आणि वासुदेव गणेश जोशी यांनी तो पुढे चालवला. देवादिकांची आणि मराठ्यांच्या इतिहासातल्या पुरुषांची चित्रे त्याने घरोघरी पोचवली. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्याच्या कामात होते. रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती साबणवाल्यांनी, औषधवाल्यांनी, कापडवाल्यांनी घेतली आणि खाली आपले नाव आणि तारखा छापून वाटली. जाहिरातीचे कॅलेंडर आपल्याकडे रुजले ते असे.

देवाच्या चित्राखाली नाव छापण्यात दुकानदाराचा हिशेब पक्का होता. इतर कागद चुलीत जातो. देवाचा कागद जात नाही. वर्ष संपले तरी कॅलेंडर भिंतीवर राही, तारखांचा भाग काढून चित्र चौकटीत जाई, आणि घरात उदबत्ती फिरली की तिचा धूर त्या चित्रालाही लागे. महादेव विश्वनाथ धुरंधर हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे थोर चित्रकार. त्यांनी वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरसाठी बाळकृष्ण काढला. तान्ह्याच्या पोटदुखीचे औषध आणि बाळकृष्ण! पाळणा हलवणाऱ्या आईच्या मनाचा इतका नेमका ठाव फार थोड्या जाहिरातींनी घेतला असेल.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीने याच जागेवर दुसरी चित्रे आणली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे जिवाभावाचे सहकारी. त्यांच्यामुळे वऱ्हाडात या चळवळीला बळ मिळाले. विलायती तिकिटांच्या शेजारी देशी गिरण्यांची तिकिटे दिसू लागली. भारतमाता आली, शिवाजी महाराज आले, टिळक आले, पुढे चरख्याजवळचे गांधी आले. वऱ्हाडच्याही गिरण्या होत्या. अकोल्याची सावतराम मिल आणि मोहता मिल, अचलपूरची विदर्भ मिल, बडनेऱ्याची विजय मिल. ताग्याच्या टोकाला मारलेला मिलचा शिक्का पुष्कळदा कापून उशीच्या अभ्र्याच्या आतल्या बाजूला जाई, आणि म्हणूनच तो वाचला. सावतराम मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने सरकारकडे गेली. अकोल्याच्या ज्या घरांची पोटे तिच्या भोंग्यावर चालली, तिथे असा एखादा शिक्का असलेला कापडाचा तुकडा अजून मिळू शकतो.

कॅलेंडरचा खरा सुकाळ स्वातंत्र्यानंतरचा, आणि त्याची घडण पाहण्यासारखी आहे.

तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला स्वतंत्र चित्र काढून घेणे परवडत नसे. चित्रे आधीच छापून तयार असत, आणि त्यांचे मोठे केंद्र होते तमिळनाडूतले शिवकाशी. तिथल्या दोन नाडर तरुणांनी १९२० च्या दशकात कलकत्त्याला जाऊन काडेपेट्या करण्याची विद्या शिकून घेतली. काडेपेटीला लेबल लागते, लेबलाला छपाई लागते, आणि त्या कोरड्या हवेत छपाई उत्तम होते. काडेपेटी, फटाके आणि कॅलेंडर असे तीन धंदे एका गावात उभे राहिले. पावसाळा सरता सरता नमुन्यांचे जाड पुस्तक काखेत घेऊन एजंट गावोगाव हिंडत. दुकानदार पाने उलटून चित्र निवडी. सराफाला लक्ष्मी हवी, किराणावाल्याला अन्नपूर्णा नाहीतर गणपती, कृषी केंद्राला बैलजोडी, मेडिकलवाल्याला गुटगुटीत बाळ. पसंती झाली की तळाशी कोरी पट्टी ठेवलेली चित्रे पार्सलने येत.

मग काम गावच्या किंवा जिल्ह्याच्या छापखान्याचे. कंपोझिटर खिळे जुळवून दुकानाचे नाव, मालकाचे नाव, मालाची यादी, पत्ता बसवी. ट्रेडल मशीनवर एकेक कागद हाताने सरकवून ती पट्टी छापली जाई. वर-खाली पत्र्याची पट्टी दाबून बसवत, कडी लावत आणि तारखांचा गठ्ठा टाचत. चित्राचे रंग शेकडो कोसांवरचे आणि अक्षर अकोल्याचे, असे ते कॅलेंडर दोन गावांत मिळून तयार होई. पट्टीवरची अक्षरे किंचित तिरकी असतात, एखादी वेलांटी तुटलेली असते, ‘ळ’चा खिळा संपला म्हणून दुसऱ्या आकाराचा घातलेला असतो. त्या गावच्या कामगाराचा हात तिथे दिसतो. चित्राखाली चित्रकाराची सही असते, पण पट्टी जुळवणाऱ्याचे नाव कुठेच नसते.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्या मात्र नामवंत चित्रकारांकडून काम करून घेत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे त्यांची नावे मराठी घरांत पोचली आणि त्यांची चित्रे कॅलेंडरवरही आली. मुळगावकरांचे देव इतके तेजस्वी आणि कांतिमान, की ते कॅलेंडर वर्षाअखेरीस उतरवायला हात धजत नसे. या दोघांना ‘कॅलेंडरचे चित्रकार’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी लाखो घरांची दृष्टी कुणी घडवली याचा विचार करायला हवा. बाळापूरसारख्या गावात चित्रांचे संग्रहालय नव्हते, प्रदर्शने भरत नव्हती. चित्र म्हणजे काय हे तिथल्या माणसाला किराण्याच्या दुकानाने शिकवले.

बाळापूरचे आणखी एक वैशिष्ट्य इथे सांगितलेच पाहिजे. हे गाव मराठीइतकेच उर्दूचे आहे. इथली नक्शबंदी खानकाह आणि तिच्यातली जुनी हस्तलिखिते विद्वानांना ठाऊक आहेत. पेठेतले गिऱ्हाईक दोन्ही लिप्यांत वाचणारे असेल, तर दुकानदाराचा कागदही दोन्ही लिप्यांत बोलतो. जंत्री, हिजरी तारखा, मक्का-मदिनेची चित्रे असलेली कॅलेंडरे ज्या बाजारातून येत, त्याच बाजारातून राम-सीतेची येत. देशात अशी इस्लामी चित्रे छापणारे आणि रंगवणारे कारागीर बरेचदा हिंदू असत आणि एकच छापखाना दोन्ही कामे करी, हे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. एका घरी गणपतीखाली आणि दुसऱ्या घरी मदिनेच्या घुमटाखाली एकाच दुकानदाराचे नाव असणे यात त्या काळी कुणाला नवल वाटले नसावे. आज दोन घरांतली अशी दोन कॅलेंडरे शेजारी ठेवली, तर या पेठेचा इतिहास त्यांच्याइतके दुसरे काही सांगणार नाही.

शेतकऱ्याला भेट देण्याची गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने तो खपेना. माल चांगला असून भागत नाही, तो समजावून सांगावा लागतो, हे त्या घराण्याने तेव्हाच ओळखले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याच्या मालाची बातमी गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. १९२९ मध्ये त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाचे विचार बदलणारे पत्र म्हणून ते गाजले. आपल्या एका मोठ्या मासिकाचा जन्म जाहिरातीच्या भेटीतून झाला, हे विसरू नये.

वऱ्हाडात मात्र बियाण्याची जाहिरात करण्याचे कारणच बराच काळ नव्हते. कापूस वेचायचा, जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी करायची, त्यातली सरकी पुढच्या पेऱ्याला ठेवायची. बी घरचे किंवा जिनचे. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी काढलेला एच-४ हा संकरित कापूस आला आणि हे चक्र तुटले. संकरित वाणाचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. दरवर्षी विकायचे म्हणजे दरवर्षी आठवण करून द्यायची. जालन्याची महिको १९६४ पासून होती. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले, ज्याला पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. त्याची ‘कृषी संवादिनी’ शेतकऱ्याच्या घरात डायरी म्हणूनही वापरली जाते. १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, अकोल्यातच उभे राहिले.

बियाण्याच्या कापडी पिशवीला वऱ्हाडच्या घरात किती जन्म मिळाले, याची यादी लांबच लांब होईल. पेरणी झाली की ती धुऊन वाळत पडायची. तिच्यात डाळ भरली जाई, मुले पाटी-पुस्तके घालून शाळेत नेत, चार पिशव्या उसवून जोडल्या की धान्य वाळवायचे कापड तयार होई, आणि विरली की वाकळीच्या आतल्या थरात जाई. जुनी वाकळ उसवली तर आत वाणाचे नाव, वजन आणि हंगामाचे वर्ष वाचता येते. कोणत्या साली कोणते वाण गावात पेरले गेले, हे तलाठ्याच्या दप्तरात नसते; पीकपेऱ्यात फक्त ‘कापूस’ एवढेच लिहिलेले असते. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि ४५० ग्रॅमची चकचकीत पाकिटे आली. त्यांचे घरात काही करता येत नाही. टोप्या, टी-शर्ट, छत्र्या कंपन्या अजून वाटतात, पण कापडी पिशवीची जागा त्यांनी घेतली नाही. एका पिढीच्या शेतीची नोंद त्या पिशव्यांबरोबर थांबली.

संकरित बियाण्याच्याही आधीपासून बाजार समितीच्या आवारात अडत्याचीही भेट चाले. हंगामाच्या मुहूर्ताला पहिली बंडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-टोपी, नारळ. चुकारा घेताना खिशात घालायला पेढीचे नाव असलेले पाकीट किंवा छोटी डायरी. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि कापसाच्या खासगी अडतीचे महत्त्व ओसरले. त्या आधीच्या पेढ्यांची नावे आता अशा डायऱ्यांतच भेटतात. डायरीच्या कोऱ्या पानांवर शेतकऱ्याने उसनवारी, बैलाची किंमत, मुलीच्या लग्नाची तिथी टिपलेली असते. छापील भाग व्यापाऱ्याचा, लिहिलेला भाग गिऱ्हाइकाचा. इतिहासकाराला यापेक्षा जास्त काय हवे?

लग्नाचा बस्ता बांधायला माणसे बाळापूरहून अकोल्याला जात. वीस-पंचवीस माणसांचे कापड एकाच दुकानातून निघाले की दुकानदार मोठी पिशवी देई, नवरदेवाला टॉवेल-टोपी देई, वधूच्या आईच्या हाती कुंकवाची डबी ठेवी. सराफाच्या दुकानातून मखमलीची लाल डबी आणि गुलाबी कागद येई. दागिना मोडला गेला, नवा झाला, विकला गेला, तरी डबी राहते. झाकणाच्या आतल्या सोनेरी अक्षरांत सराफाचे नाव आणि पेठ वाचता येते. मोठ्या कंपन्यांच्या वस्तूही याच गर्दीत आहेत. १९३७ मध्ये आलेल्या डालड्याचा ताडाच्या झाडाचा डबा तुळस लावायला आणि धान्य भरायला कामी आला. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या इवल्या प्राण्यांसाठी मुले हट्ट करून तीच पेस्ट आणायला लावत. या वस्तू देशभर सारख्याच होत्या. आपल्या तालुक्याच्या दुकानाचे नाव असलेली वस्तू मात्र दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

१९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि भिंतीचे रूप पालटले. तिथी, सण, मुहूर्त, पाककृती, मागच्या पानावर लेख; चित्रापेक्षा मजकूर महत्त्वाचा झाला. गॅसचा नंबर, दुधाचा हिशेब लिहायला चौकोन मिळाले. दुकानदार त्याच्याच प्रती घेऊन त्यावर आपले नाव छापून वाटू लागले. वर्ष संपले की ते उतरते, कारण त्यात देवाचे मोठे चित्र नाही. गृहिणीची सोय फार झाली. पण दुकानाचे नाव आता वर्षभरच टिकते. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा नाव छापलेली कापडी पिशवी काही दुकानांत परतली, हे चांगले झाले.

घरात असे काही सापडले तर त्याचे साल ओळखणे अवघड नाही. राज्याचे नाव वर सांगितलेच. किंमत आण्यांत असेल तर वस्तू १ एप्रिल १९५७ पूर्वीची असण्याचा संभव अधिक. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधली. शेर-मण जाऊन किलो आले ते १९६० च्या आगेमागे. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. टेलिफोनचा नंबर दोन-तीन आकडीच असेल, तर गावात एक्स्चेंज लहान होते तेव्हाची. ‘वाशीम, जि. अकोला’ असा पत्ता असेल तर १ जुलै १९९८ पूर्वीची, कारण त्या दिवशी वाशीम वेगळा जिल्हा झाला. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. ते सगळ्यांत आधी वाचावे.

अशा साध्या वस्तूंचे मोल जगात काहींनी ओळखले. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जॉन जॉन्सन यांनी जमवलेला छापील चिटोऱ्यांचा मोठा संग्रह आहे. त्यात व्यापाऱ्यांची कार्डे आणि जाहिराती आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी, दारे गोळा करत नित्याच्या वापराच्या वस्तूंचे संग्रहालय उभारले. दिल्लीच्या प्रिया पॉल यांच्या संग्रहातली कापडाची तिकिटे आणि कॅलेंडरे अभ्यासकांनी संगणकावर आणली आहेत. हे सगळे मौलिक आहे, पण तिथे बाळापूर नाही. बाळापूरचे कागद बाळापूरच्याच घरांत आहेत, आणि जुने धाब्याचे घर पाडून स्लॅब टाकताना माळ्यावरचे सामान एका दिवसात बाहेर जाते.

सर्वांत मोठे नुकसान कात्रीने केले आहे. चित्राला चौकट करताना तळाची दुकानाची पट्टी कापून टाकण्याची पद्धत होती. देव राहिला, देणारा गेला. तरी काही चौकटवाल्यांनी पट्टी न कापता मागे दुमडली आहे. म्हणून देवघरातली जुनी तसबीर काच फुटल्यामुळे किंवा रंगरंगोटीसाठी खाली उतरवलीच, तर मागचा पुठ्ठा हलक्या हाताने काढून पाहावा.

वऱ्हाडातल्या वाचकांना एवढीच विनंती आहे. या दिवाळीच्या साफसफाईत दुकानाचे नाव असलेली वस्तू निघाली तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. ती कुणाच्या लग्नात आली, कोणत्या दुकानातून, ते दुकान कुठे होते, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून वस्तूसोबत ठेवा. घरात जागा नसेल तर गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला द्या, पण त्या कागदासकट द्या.